तांबडीची पसंती

दादांच्या बोकडानं माझ्या स्कूटीचा डावा आरसा फोडला, तेव्हा दादांनी धावत येऊन आधी बोकडाचं कपाळ तपासलं. दादा म्हणजे माझे वडील. कपाळ शाबूत आहे अशी खात्री झाल्यावर ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "गाडी आशी अंगनात लावत आसतेत का? त्याला वाटलं दुसरा बोकड आला." आरशातला बोकड आपणच आहोत, एवढं त्या प्राण्याच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. पुढच्या रविवारी मी नवा आरसा बसवून आले, तर त्यानं उजवा फोडला.

मी बीडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आणि नेकनूरच्या अलीकडचं आमचं गाव सुट्टीच्या दिवशी गाठते. गावात शेळ्या घरोघरी आहेत, पण बोकड एकच, आणि तो आमचा. कुणाची शेळी माजावर आली की त्या घरची बाई तिला दाव्यानं ओढत आमच्या अंगणात आणते. मोबदला म्हणून बोकडापुढे मूठभर ज्वारी टाकायची, बस्स. दादा त्याला समाजसेवा म्हणतात. उभी हयात बस चालवून निवृत्त झाल्यावर त्यांना कुणी विचारीनासं झालं होतं, आता दिवसाआड कुणी ना कुणी "दादा, हायत का घरात?" म्हणत दारात उभं राहतं. विहाराच्या पायरीवर बसून ते छाती काढून सांगतात, "गावातलं एकूण एक करडू आपलंच हाय." ऐकणारे हसतात, पण दादांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. एका बाईनं एकदा तिची शेळी परगावच्या बोकडाकडे नेली होती. दादांनी तिच्या घरचा चहा सोडला तो अजून घेतलेला नाही.

बोकड दिसायला राजबिंडा, यात वाद नाही. काळाकुळकुळीत, कमानदार शिंगं, आणि कपाळ असं की त्यावर ज्वारी कांडावी. फक्त त्या कपाळाच्या आत काय होतं, हा प्रश्न होता. पाण्याच्या चकचकीत टाकीशी तो रोज भांडायचा. टाकी हलायची नाही, हा मागे सरायचा नाही. माय म्हणायची, "तुज्या दादानी त्याला कावून पाळलाय ते मला कळतंय."

कारण दादाही तसेच. नोकरीत असताना एका अरुंद पुलावर त्यांची बस आणि समोरून आलेली दुसरी बस अशा नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या होत्या. मागे कोण घेणार? दोघंही घेईनात. शेवटी प्रवाशांनीच सामान उचललं, इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे चालत गेले, बस बदलल्या. मग अर्थातच दोन्ही बसना उलटंच जावं लागलं. पण दादा आजही शपथेवर सांगतात, "मी मागं आलो न्हाई. मी परत गेलो."

मायच्या शेळ्यांमध्ये एकच अक्कलवान निघाली, ती तांबडी. ओठांनी दाराची कडी काढायची. मायला पेंड काढताना पाहिलं की लगेच लंगडायला लागायची, म्हणजे आजाऱ्याचा जादा वाटा मिळतो. एकदा डावा पाय ठरवला की डावाच. मधेच उजव्यावर गेली असं कधी झालं नाही. आणि मुख्य म्हणजे, दिवस कलला की सगळा कळप मागे घेऊन माळावरून थेट आमच्या दारात यायची. मायला फक्त उंबऱ्यावर बसून राहायचं असायचं.

यातच सगळा पेच होता. मायचे गुडघे पार गेले होते. शेळ्यांमागं माळ तुडवणं तिच्यानं होत नव्हतं, आणि दादा बोकडाशिवाय कुणामागं जात नव्हते. तांबडी होती म्हणून मायच्या शेळ्या होत्या. तांबडी म्हातारी झाली होती. ती गेल्यावर कळप घरी कोण आणणार? मी ठरवून टाकलं होतं, आणि मायच्या गुडघ्यांकडे बघून दादांनीही मान डोलावली होती, की मग शेळ्या विकायच्या आणि दोघांनी बीडला माझ्या फ्लॅटमध्ये राहायला यायचं. मी एक खोली रिकामी करून ठेवली होती. तिला पडदेही लावले होते, निळे, मायच्या आवडीचे. माय माझा फ्लॅट एकदा बघून गेली होती. खिडकीतून खाली बघत म्हणाली होती, "हितं मानसं हायत लई, पन वळखीचं जनावर एक न्हाई."

तांबडीनं आपल्यासारखी एखादी लेक मागे ठेवली, तरच माय गावात राहणार होती. आणि तांबडीला तशी लेक होत नव्हती. वेतामागून वेतं झाली, प्रत्येक वेळी पाटी, म्हणजे मादी करडं, दिसायला देखण्या आणि डोक्यानं दगड. एकीनं हंड्यात तोंड अडकवलं, सोडवलं, तर संध्याकाळी त्याच हंड्यात पुन्हा अडकवलं. अक्कल उतरली होती ती एका मुलात. तोही ओठांनी कडी काढायचा. पण अंगानं किडमिडा, शिंगं बोटभर. वयात येताच दादांच्या बोकडानं त्याला एका धडकेत शेणाच्या ढिगात बसवलं, आणि पुढं तो नेकनूरच्या बाजारात गेला. त्याच्याबरोबर तांबडीची अक्कलही बाजारात गेली.

मी हेच वर्गात शिकवते. एका रविवारी शेंगा फोडता फोडता मायला समजावून सांगितलं. म्हटलं, ज्या जनावरांत एकच नर सगळ्या माद्यांचा मालक होतो, तिथं त्याचं सगळं भागतं टकरीवर. पिल्लं त्याला सांभाळायची नसतात, घर बांधायचं नसतं, बायकोचं मन ओळखायचं नसतं. मग डोक्याच्या आत खर्च करण्यापेक्षा डोक्याच्या बाहेर खर्च केलेला बरा. हाड जाड, शिंग मोठं. आणि एखादा नर हुशार निघालाच, तरी त्याला मादी मिळत नाही, त्याची हुशारी त्याच्याबरोबर संपते. आई कितीही शहाणी असो, दर पिढीला अर्धा वाटा त्याच ठोंब्याचा. उलट आपल्या लिंबावरचा कावळा बघ. एकाच कावळीबरोबर वर्षानुवर्षं संसार, दोघांनी मिळून काड्या आणायच्या, तारा आणायच्या, पिल्लांना भरवायचं, एकमेकांचं ऐकायचं. तिथं डोकं लागतं.

मायनं शेंग फोडली. "म्हंजी बाप काईच करीत न्हाई, म्हनून त्याला अक्कल लागत न्हाई."

"तसंच."

"आन् हे शिकवायचा तुला पगार हाय?"

खरं म्हणजे ही गोष्ट इतकी सरळ नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं मागच्या बाकावरून विचारलं होतं, "मॅडम, वानरांच्या टोळीत पण एकच हुप्प्या असतो. मग ते एवढे बेरकी कसे?" मी उत्तर दिलं की टोळीतली भानगड, भांडणं, नातीगोती सांभाळायला त्यांना वेगळं डोकं लागतं, एका नियमात सगळं बसत नाही. पण हे मी मायला सांगितलं नाही. मायच्या डोक्यात तोवर विचार सुरू झाला होता, आणि मला तो मोडायचा नव्हता.

तिला दुसरा बोकड हवा होता. हुशार.

तो तिनं हेरूनही ठेवला होता. मांजरसुंब्याच्या चौकातल्या एका ढाब्यावर एक किडकिडीत बोकड होता, एक शिंग वाकडं, एक अर्धं. चौकात चारी बाजूंनी ट्रक येतात. हा गडी रस्त्याच्या कडेला उभा राहायचा, दोन्हीकडे बघायचा, ट्रक थांबला की मगच पलीकडे. कुठला ड्रायव्हर भाकरी टाकतो आणि कुठला चप्पल, हे त्याला गाडीच्या रंगावरून कळायचं म्हणे. माझी तर छाती भरून आली. म्हटलं, इथं निवड शिंगांनी होत नाही, ट्रकनं होते! ज्याला अक्कल नाही तो त्या चौकात आठवडाभर टिकणार नाही. हा वर्षानुवर्षं टिकलाय. हाच जावई.

पण दादांना सांगणार कोण? आपल्याच घरची शेळी परक्या बोकडाकडे नेली, हे गावात कळलं असतं तर दादांनी विहाराची पायरी कायमची सोडली असती. तेव्हा चोरून न्यायचं ठरलं. दादा लग्नाला वगैरे जातील तो दिवस आणि तांबडी माजावर येईल तो दिवस एक व्हायला हवा होता. आणि तो झाला. सकाळी मी कॉलेजात असताना मायचा फोन आला. ती दबक्या आवाजात म्हणाली, "शेपूट हलवायली, वरडायली, वैरनीला तोंड लावंना. आन् तुजा बाप लग्नाला गेलाय. ये."

घरी तातडीचं काम निघालंय, असं सांगून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. खोटं काय होतं त्यात?

गावातून टेम्पो केला असता तर बोभाटा झाला असता, म्हणून बीडहूनच घेऊन गेले. मायनं धुवट पांढरं लुगडं नेसलं होतं, डोक्यावरून पदर. तांबडीच्या शिंगांनाही तेल चोपडलं होतं. "स्थळ बघायला चाललोय आपन," म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली. गुडघे धरून चालणारी माझी माय त्या दिवशी टेम्पोत एका दमात चढली.

ढाब्यावर पोचलो. मालक गल्ल्यावरून उठून आला. मायनं मामला सांगितला. त्यानं मायकडे जरा निरखून बघितलं, मग हसून म्हणाला, "न्या की. त्याला काय, बसल्या जागी सासरवाडी आली." दोन चहा पाठवले. आम्ही बाजेवर बसलो आणि समोर पाहुण्यांची गाठ घालून दिली.

बोकड आला. तांबडीला हुंगलं. वरचा ओठ उचलून आभाळाकडे बघितलं. मायनं माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात एक ट्रक थांबला, क्लीनरनं भाकरीचा तुकडा भिरकावला, आणि नवरदेव मांडव सोडून ट्रककडे पळाला. भाकरी खाऊन सावकाश परत आला, तर तांबडी लंगडत होती. डावा पाय. तो जवळ गेला की ती खालीच बसायची. तो लांब गेला की उठून उभी. असं बराच वेळ चाललं. शेवटी त्या हुशार बोकडानं परिस्थिती ओळखली, एका उभ्या ट्रकच्या सावलीत जाऊन बसला आणि डोळे मिटले.

"पसंत न्हाई तिला," माय म्हणाली.

"अगं, पण एवढा चांगला आहे!"

"ते तुला दिसतंय. तिला काय दिसतंय ते बग की."

ऊन उतरलं तसे आम्ही परत निघालो. माय टेम्पोत तांबडीच्या पाठीवर हात फिरवत बसली. मला मात्र राग आला होता, आणि तोही एका शेळीचा. एवढी रजा घातली, एवढं शास्त्र सांगितलं, आणि हिनं लंगडून दाखवलं.

घरी आलो तर दादा ओट्यावर. लग्नात जेवण बरं नव्हतं म्हणून लवकर परतलेले. टेम्पोतून बायको, लेक आणि शेळी उतरताना बघून म्हणाले, "कुटं गेलते?"

माय पदर सावरायला लागली, मी टेम्पोवाल्याचे पैसे मोजायला. तांबडीनं अंगणात पाय टाकला आणि ती लंगडली. डावा पाय.

"पाय बगा की तिचा," माय म्हणाली. "डाक्टरला दाखवाया नेलतं."

दादा लगेच उठले. पाय हातात घेऊन चेपला, खुरात काटा शोधला, आणि कळवळून म्हणाले, "लई दुखतंय व्हय गं?" मग स्वतः ओंजळभर पेंड आणून दिली. मी आणि माय एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. मला वाटलं, जमलं. मी रात्री तिथंच मुक्काम केला.

सकाळी दादांच्या मोठ्या हाकेनं जाग आली. मी आणि माय गोठ्याकडे गेलो. बोकडाच्या खोपटाची कडी निघालेली होती. आत तांबडी आरामात रवंथ करत बसली होती, चारी पाय ठणठणीत. बोकड कोपऱ्यात उभा राहून खोपटाच्या लाकडी मेढीशी भांडत होता. काय झालं होतं ते सांगायला पदवी लागत नव्हती.

"तुमीच कडी काढली," माय दादांवर उखडली. "खामखा माज्या शेळीच्या मागं लागलाव."

"मी कावून काढू? मला काय ठावं..." आणि दादा थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "ठावं हाय मला. ढाब्यावरून फोन आलता."

आमच्या दोघींच्या पायाखालची जमीन सरकली. दादांनी आयुष्यभर ज्या रस्त्यावर बस चालवली, त्याच चौकात, त्याच ढाब्यावर त्यांचा रोजचा चहा असायचा. हे मायला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. चोरून जायला आम्हाला सगळ्या जिल्ह्यात तेवढीच जागा सापडली होती. 'वैनी पाहुना बगाया आल्या व्हत्या,' असं मालकानं मोठ्या आनंदानं कळवलं होतं, आणि तरीही कालची पेंड दादांनी दिली होती.

दादा खाली बघत म्हणाले, "माज्या बोकडात कमी काय हाय ते तरी सांगा." ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं. गावात आपली आता एवढीच एक इज्जत आहे आणि ती घरातूनच चोरून नेली, असं त्यांना वाटत होतं, आणि ते खरंही होतं.

मायनं तांबडीला ओढून बाहेर आणलं, खोपटाची कडी लावली आणि बाजूला झाली. आम्ही तिघं बघत उभे. तांबडीनं इकडेतिकडे बघितलं, दाराशी गेली, ओठ पुढे केले, कडी उचलली, सरकवली आणि परत आत जाऊन बसली.

दादांची मान ताठ झाली. "बगितलं?" म्हणाले आणि मिशीला हात लावत चूळ भरायला गेले.

माझ्या शास्त्राचा तिथं पार चुराडा झाला. मी इतकी वर्षं नराच्या कपाळाकडे बघत होते. सगळ्या गावात जेवढी म्हणून अक्कल होती, ती या एका शेळीत होती, आणि ती सगळीच्या सगळी तिनं त्या ठोंब्याच्या दाराची कडी काढायला वापरली होती.

"शानी म्हनून शानी," मी मायला म्हटलं, "आणि गेली त्याच्याकडेच."

माय पायरीवर टेकली. "मला दोन स्थळं आलती," म्हणाली. "एक लई शिकलेला. बारीक आवाजात बोलायचा, पुढं मोट्टा सायब झाला. आन् ह्यो."

"मग हेच कावून?"

"जयंतीच्या मिरवनुकीत पुढं व्हता. हलगी वाजवत. बैलगाडी आडवी आली तर म्हनला, गाडी मागं घ्या, हलगी मागं येनार न्हाई." मायनं पदर तोंडाला लावला. "दिसत व्हता गं."

मी काही बोलणार, तोच ती म्हणाली, "तू तर यमयस्सी झालीस. तू काय बगून केलास?"

मला बघायला दोघं आले होते. एक बसनं आला होता, पिशवीत पुस्तकं घेऊन. दुसरा मोठ्या आवाजाची मोटारसायकल उडवत, गल्लीतली कुत्री मागे लावून. आज माझ्या घरात ती मोटारसायकल आहे.

पाच महिन्यांनी तांबडी व्याली. एकच पाट झाली, काळीकुळकुळीत. मायनं पहिल्या दिवसापासून तिच्यावर नजर ठेवली. मी फोन करून रोज विचारायची, कडीकडे बघते का? बघायची. पण ओठ पुढे करायची नाही. कडीला डोकं लावायची. ढकलायची, मागे सरायची, परत धडक. "बापावर गेली," माय म्हणायची, आणि तिचा आवाज बसलेला असायचा. मी इकडे पडदे धुऊन परत लावले.

मग ऊस तोडायला गेलेली माणसं गावात परतली, त्या दिवसांत तांबडीनं माळावर जाणं सोडलं. अंगणात बसून राहायची. पहिल्याच दिवशी कळप तिच्याशिवाय गेला, एव्हाना अंगानं भरलेल्या काळ्या पाटीच्या मागे. दिवस कलला. माय उंबऱ्यावर बसली. सगळ्या गावाच्या शेळ्या आल्या, आमच्या आल्या नाहीत. दादा विहारातून येऊन शेजारी बसले. त्यांनी बोकडाकडे बघायचंही टाळलं. आपल्याच बोकडाची लेक चुकली तर काय बोलणार?

पुढचं मला मायनं फोनवर सांगितलं. पाट रस्त्यानं आलीच नाही. शेजाऱ्यानं माळाच्या वाटेवर त्याच दिवशी बाभळीच्या काट्यांचं नवं कुंपण घातलं होतं, वाट बंद केली होती. ती वळून गेली नाही की थांबली नाही. त्या कुंपणाला धडका देत राहिली, भोक पडेपर्यंत, आणि सगळा कळप त्या भोकातून मागे घेऊन घरी आली. कपाळावर रक्त, कानात काटे. तांबडीसारखं डोकं तिला नव्हतंच. तांबडी असती तर ओढ्यानं वळसा घालून आली असती. पण घर कुठंय ते या पोरीला ठाऊक होतं, आणि मागे फिरणं ठाऊक नव्हतं.

मायनं काटे काढले. दादांनी शेजाऱ्याची माफी मागितली, म्हणजे मागायला गेले आणि भांडून आले.

"घराची वाट आईची, टक्कर बापाची," माय फोनवर म्हणाली.

"कुणाचं म्हणतेस? पाटीचं?"

"तुजं बी. नोकरीच्या मुलाखतीला किती येळा हानून पाडलं तुला, तरी जातच व्हतीस का न्हाई?" मागे दादांचा आणि टाकीशी भांडणाऱ्या बोकडाचा आवाज येत होता. "आन् आयक. ते निळे पडदे काढ. उनात इटून जातेत."

मी खोलीत जाऊन पडद्यांसमोर उभी राहिले. माय येणार नाही, हे कळून रडू आलं, खोटं कशाला बोलू. मग खुर्ची आणली आणि ते काढायला घेतले.